आपणहून गेलेली

मार्नी कोस्केला दर गुरुवारी दुपारी माझ्याकडे गणितं करायला यायची. पाचवीत ती माझ्या वर्गात होती, तेव्हा तिला अपूर्णांकांची भीती वाटायची. आता बाविसाव्या वर्षी नर्सिंगच्या कॉलेजात तेच अपूर्णांक पुन्हा तिच्या पुढ्यात आले होते. इतकं औषध, इतक्या पाण्यात, इतक्या तासांत जायला हवं, तर सलाईनचे थेंब मिनिटाला किती सोडायचे?

मी तिला सूत्र पाठ करू देत नसे. प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून ती नळावर टांगायचो आणि तिला थेंब मोजायला बसवायचो. हाताला कळलं की डोक्याला कळायला वेळ लागत नाही.

"आणि परीक्षेत सूत्र आठवलं नाही तर काय करशील?"

"तुम्हाला फोन करीन, सर."

"मी मेलेलो असलो तर?"

"मग तुमच्या दफनाला येईन आणि तिथं हळूच विचारीन."

अशी ती होती. चटकन हसायची आणि कुणी काही मागितलं तर नाही म्हणायची नाही.

तिचं शिक्षण कसं चाललं होतं ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तिचे वडील लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवतात. आई ती आठवीत असताना गेली. कॉलेजची फी भरणं त्या घराला शक्य नव्हतं. आमच्या गावच्या इस्पितळाची एक योजना आहे. तुम्ही वॉर्डमध्ये नर्सच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करायचं, म्हणजे रुग्णांना उठवणं-बसवणं, अंघोळी, जेवणं, बेडपॅन. त्या बदल्यात इस्पितळ तुमची फी भरतं. ही फी म्हणजे कर्जच, पण शिकून नर्स झाल्यावर तीन वर्षं तिथंच नोकरी केली की ते माफ होतं. अट एकच. शिकत असताना आठवड्याचे ठरलेले तास भरले पाहिजेत. तास कमी पडले की योजनेतून नाव जातं, आणि आजवर भरलेली फी पगारातून कापायला लागतात. जागा थोड्या आणि मागे रांग लांब. मार्नीचं शेवटचं सत्र तेवढं राहिलं होतं, जानेवारी ते मे. त्यानंतर गावातच नोकरी, वडिलांच्या घरी राहणं, कर्ज आपोआप फिटणं. तिनं सगळं आखलं होतं.

आता वॉर्डची रीत सांगतो. रुग्ण कमी असले की एका मदतनिसाला घरी पाठवतात, आणि त्या दिवसाचा तिचा पगार बुडतो. म्हणून घरी जायच्या पाळ्या लावलेल्या असतात, आज ही, उद्या ती. पण अमेरिकेच्या उत्तर टोकाला, आमच्या या वरच्या मिशिगनमधली माणसं मोठी मानी. "तू घरी जा" असं दुसऱ्यानं सांगायची वाट कुणी बघत नाही. खुर्चीवरचा कोट उचलायचा आणि म्हणायचं, "मी जाते आज." ज्या बाईला आपल्या पाळीला घरी जाणं परवडण्यासारखं नसेल तिच्याऐवजी दुसरी कुणीतरी असंच उठते. कुणी आभार मानत नाही आणि कुणी ते मोजतही नाही.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम लागतो. पहिल्या दिवशी शाळांनाही सुट्टी असते. त्या दोन आठवड्यांत गुडघा कितीही दुखला तरी आमच्याकडचा माणूस ऑपरेशन करून घेत नाही. हार्निया पँटमध्ये खोचून तो जंगलात जाऊन बसतो. त्यामुळे इस्पितळ ओस पडतं, आणि वॉर्डमध्ये रोज कुणाला तरी कोट उचलावा लागतो.

त्या हंगामाच्या पहिल्याच गुरुवारी लिनेट माझ्याकडे आली. लिनेट पेसोला म्हणजे मार्नीच्या वॉर्डची इन्चार्ज, आणि तिच्या आईची शाळेपासूनची मैत्रीण. मार्नी तिला मावशी म्हणते. लिनेटही माझ्याच हाताखालून गेलेली, आणि तिची मुलगी शेल्बीसुद्धा. तिनं मफलरात गुंडाळून पेस्ट्या आणल्या होत्या, मांस आणि कंद भरून भाजलेल्या, अजून ऊन.

"सर, केचप लावून खाल्लीत तर उरलेल्या परत नेईन. पेस्टीला ग्रेव्हीच लागते."

"माझ्या घरात ग्रेव्ही शिजत नाही, लिनेट. तुझ्या आजीनंही मला केचपच दिलं होतं."

"आजीला कमी दिसायचं," ती म्हणाली आणि मार्नीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "काय गं, थेंब मोजतेयस? मला तर आता नुसत्या आवाजावरून कळतं."

मार्नीनं पेन्सिल खाली ठेवली. "मावशी, एक विचारू? सोमवारी ट्रिशची पाळी होती आणि मी गेले. काल परत तिचीच, तेव्हाही मीच गेले. असंच चाललं तर माझे तास कमी पडतील ना?"

ट्रिश ही तिच्याच वॉर्डमधली मदतनीस. तीन मुलं, आणि नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला.

"वेडी आहेस का तू?" लिनेट म्हणाली. "नियम वाचला नाहीस? आपणहून घरी गेलेल्या माणसाचे तास धरत नाहीत. पण इस्पितळानं पाठवलेल्या माणसाचे धरतात. कामावर होती असंच समजतात. आणि कुणाला पाठवायचं ते कोण ठरवतं?"

"तू."

"ड्यूट्या लावणाऱ्या ऑफिसला फोन कोण करतं?"

"तूच."

"मग? मी सांगते ना, मार्नीला आम्ही पाठवलं म्हणून. तू जा, अभ्यास कर. ट्रिशची पोरं नाताळात उपाशी राहायला नकोत."

"पण सगळ्यांसमोर मीच म्हणते ना, मी जाते म्हणून."

"तू वॉर्डमध्ये काय म्हणतेस ते ऑफिसला ऐकू जातं का? तुझे तास मी सांभाळते, बाळा. सर, तुम्ही साक्षीला आहात."

मी फ्रिजमध्ये केचपची बाटली शोधत होतो. "आहे," मी म्हटलं. "आणि बाटलीही सापडली."

जाताना दारात बूट चढवता चढवता लिनेट म्हणाली, "शेल्बीलाही जानेवारीपासून नर्सिंगला घेतलंय. योजनेत जागा नाही म्हणतात. रांगेत बरीच मागे आहे ती. बघू काय होतं ते."

"होईल गं," मार्नी म्हणाली. "मी तिला माझी सगळी टिपणं देईन."

तो हंगाम संपेपर्यंत मार्नी सारखी घरी जात राहिली. ट्रिशच्या पाळीला ती, दुसरीच्या पाळीलाही तीच. माझ्याकडची गणितंही पुढे सरकत होती, कारण आता तिला दुपारी वेळ मिळायचा. एक दिवस तिनं अवघड उदाहरण एका झटक्यात सोडवलं, आणि पाचवीतल्यासारखं टेबलावर थाप मारून ओरडली, "आलं!" तिच्या वडिलांनी मारलेलं हरीण गॅरेजात टांगलं होतं. त्याची मांडी ती मला देऊन गेली. गावात नाताळच्या दिव्यांच्या माळा लागायला सुरुवात झाली होती.

डिसेंबर लागला आणि एका सोमवारी ती आली. बूट न काढता दारातल्या पायपुसण्यावरच उभी राहिली.

"सर, मला काढलं."

"कुठून काढलं?"

"योजनेतून. तास कमी पडले म्हणतात. मी म्हटलं, मला पाठवलं होतं. तर म्हणाले, आमच्याकडे तसं सांगितलेलं नाही." तिनं टोपी काढली आणि हातात चुरगाळली. "काहीतरी घोळ आहे. मावशीला फोन लावला, ती ड्यूटीवर होती. उद्या सुनावणी आहे. सोबत एकाला आणता येतं. बाबांना नेलं तर ते टेबल उलटं करतील. तुम्ही याल?"

"येईन की. लिनेट आहेच तिथं. पाच मिनिटांचं काम."

मी खरोखर तसंच समजत होतो.

इस्पितळाच्या तळमजल्यावर छोटी खोली होती. मधोमध लांब टेबल, कोपऱ्यात प्लास्टिकचं नाताळचं झाड. शिक्षणाची योजना बघणाऱ्या हाल्वर्सन बाई समोर बसल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. मार्नीला त्यांनी कॉफी आणून दिली, मला साखर विचारली.

"मार्नी, नियम मी केलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुला पाठवलं असेल, तर तास धरले जातील आणि प्रश्नच मिटेल. मला फक्त तुझ्या वॉर्डमधल्या लोकांकडून ते ऐकायचंय."

लिनेट आत आली ती ड्यूटीच्या कपड्यांतच. तिनं मार्नीच्या खांद्यावर हात ठेवला, नेहमीसारखा, आणि तिच्या बाजूच्या खुर्चीवर न बसता टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली.

"मावशी, सांग ना यांना," मार्नी म्हणाली. तिच्या आवाजात अजून निश्चिंती होती.

"काय सांगू, बाळा?"

"तू मला पाठवलं होतंस ते."

लिनेटनं हाल्वर्सन बाईंकडे पाहिलं. "मार्नी गुणी मुलगी आहे. तिच्याबद्दल माझी एक तक्रार नाही. पण मी तिला पाठवलं नाही. ती म्हणाली 'मी जाते', मी म्हटलं 'बरं'. एवढंच झालं."

मार्नी तिच्याकडे बघत राहिली. मी वर्गात मुलांना असं बघताना पाहिलंय. फळ्यावरचं उत्तर चुकलंय असं त्यांना दिसतं, पण ते शिक्षकानं लिहिलेलं असतं, म्हणून ती आपलीच वही पुन्हा तपासतात.

"तू म्हणाली होतीस, ऑफिसला मी सांगते..."

"माझ्या घरी म्हणाली होती," मी म्हटलं. "माझ्यासमोर. लिनेट, साक्षीला आहात असंही तूच म्हणालीस."

लिनेट हसली. कडवट नव्हे, पालकसभेत हसतात तसं. "सर, मी 'बघते' म्हटलं होतं. आणि तुम्ही तर फ्रिजमध्ये डोकं घालून केचप शोधत होतात."

हाल्वर्सन बाईंनाही हसू आलं. मी एकदम म्हातारा झालो. मी जे ऐकलं होतं ते त्या खोलीत एका म्हाताऱ्याचं बोलणं झालं.

मग ट्रिशला बोलावलं. तिनं ओले हात पँटला पुसले आणि ती दाराजवळच उभी राहिली.

"ट्रिश, तू तिथं असायचीस," हाल्वर्सन बाई म्हणाल्या. "मार्नीला घरी कुणी पाठवायचं, की ती आपणहून जायची?"

ट्रिशनं मार्नीकडे पाहिलं नाही. लिनेटकडेही नाही. झाडाकडे बघत ती म्हणाली, "ती म्हणायची, मी जाते."

"दर वेळी?"

"हो. दर वेळी तीच म्हणायची."

"पण पाळी कुणाची असायची?" मी विचारलं.

ट्रिशची मान लाल झाली. "ते... पाळी बदलते. ठरलेलं काही नसतं."

"मग ती का जायची?"

तिनं पुन्हा हात पँटला पुसले. मग म्हणाली, "ती चांगली आहे म्हणून."

"हे ऐकून मला फार बरं वाटलं," हाल्वर्सन बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलं होतं. "पण मार्नी, चांगुलपणानं गेलेले तास म्हणजे आपणहून गेलेलेच तास. मला दुसरं काही करता येणार नाही."

मी आयुष्यभर मुलांचं खोटं पकडत आलो. खोटं बोलणारं मूल पायांची चाळवाचाळव करतं, जास्तीचे तपशील देतं. त्या खोलीत मात्र लिनेटचं ते 'बघते' सोडलं, तर कुणी खोटं बोललं नव्हतं. मार्नी 'मी जाते' म्हणाली होती. ट्रिशनं ते ऐकलं होतं. नियम तोच होता. एकेक पायरी बरोबर, आणि उत्तर चुकीचं.

परतीच्या वाटेवर मार्नी माझ्या गाडीत होती. सरोवराकडून वारा सुटला होता, रस्त्यावर बर्फ सापासारखं सरपटत होतं. पेट्रोल पंपाजवळ आल्यावर ती म्हणाली, "ट्रिशचा मला राग नाही. नाताळची ड्यूटी कुणाला लावायची ते लिनेट ठरवते."

नुसतं 'लिनेट' म्हणाली. 

"आई गेली त्या वर्षी माझ्या वेण्या कोण घालायचं, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"ड्यूटी संपवून यायची. डोळे मिटत असायचे तिचे. तरी घालायची." ती काचेबाहेर बघत होती. "शेल्बी रांगेत मागे होती ना, सर? तिच्या पुढच्या एकेक गळत गेल्या, शेवटच्या दोघींनी शहरात नोकऱ्या धरल्या. आज हाल्वर्सन बाईंच्या ऑफिसातल्या मुलीनं मला सांगितलं. आता पहिलं नाव शेल्बीचं आहे."

मी गाडी बाजूला घेतली. मला बर्फातलं नीट दिसेना.

"मला विचारायचं होतं तिनं," मार्नी म्हणाली. "मी कदाचित जागा सोडलीही असती. तेच तिला नको होतं वाटतं. मी सोडली असती तर जन्मभर माझे उपकार झाले असते. अशी घेतली, तर कुणाचं काही देणं नाही."

बाविसाव्या वर्षी तिला हे कळलं. मला तिथवर जायला दोन दिवस लागले असते.

पुढच्या गुरुवारी ती आली तेव्हा तिनं पुढचं ठरवूनच टाकलं होतं. शेवटच्या सत्रासाठी स्वतःच्या नावानं कर्ज काढायचं. इस्पितळाची नोकरी सोडून वृद्धाश्रमात मदतनीस व्हायचं. मे महिन्यात पास झाली की पश्चिमेला, जंगलापलीकडच्या दवाखान्यात जायचं. तिथं कुणी टिकत नाही, म्हणून सरकार तिथल्या नर्सचं कर्ज माफ करतं.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"माफ होईपर्यंत. आणि इस्पितळाचे पैसे कापले जातील ते वेगळेच." ती पेन्सिलीला टोक करत होती. "बाबा म्हणतात, मी एकटा राहीन, त्यात काय. काल त्यांनी स्वतः अंडी उकडली आणि भांडं जाळलं."

आम्ही दोघंही हसलो, आणि मग गणितं केली. मला वाटलं, मूल पडलं आणि उठलं. मी निवांत झालो, आणि तिथंच माझं चुकलं.

शनिवारी दुपारी मी पायऱ्यांवरचं बर्फ काढत होतो. लिनेटची गाडी येऊन थांबली. ती उतरली, तिनं माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि पायऱ्या साफ करायला लागली. दर हिवाळ्यात ती हे करते. मला थांबवायला जमलं नाही, आणि आत जायलाही.

"बोलणार नाही का, सर?"

"एक विचारतो. ऑफिसला पहिल्या वेळी फोन केलास, तेव्हा काय सांगितलंस?"

फावडं थांबलं. "पहिल्या वेळी 'पाठवली' म्हणाले. दुसऱ्या वेळीही. देवाशपथ."

"मग?"

"मग शेल्बीचं नाव वर आलं." तिनं फावडं बर्फात रोवलं. "मी काही केलं नाही, सर. ऑफिसनं फोनवर विचारलं, आपणहून गेली की पाठवली? मी म्हटलं, ती म्हणाली 'मी जाते'. म्हणाली होतीच ना ती? आधीचे दिवस पण तसेच धरा म्हटलं. झालं. मार्नीला अख्खं जग मदत करतं, सर. आई नाही म्हणून शिक्षक मदत करतात, चर्च मदत करतं, तुम्ही करता. शेल्बीला कोण आहे? मीच ना?"

"आणि माझ्या घरात बसून दिलेला शब्द?"

"तो दिला तेव्हा खराच होता."

तिचे डोळे कोरडे होते, पण नाक लाल झालं होतं. थंडीनंही असेल. मग ती ज्या कामासाठी आली होती तिथं आली.

"शेल्बीला ती थेंबांची गणितं जमत नाहीत. पहिल्याच महिन्यात परीक्षा आहे. तुमच्यासारखं कुणी समजावत नाही. तिला यातलं काही माहीत नाही, सर. मुलीचा काय दोष?"

शेल्बी मला आठवली. शेवटच्या बाकावर बसायची, उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करायची. मी म्हटलं, "मुलीला मंगळवारी पाठव. तू मात्र या दारात येऊ नकोस."

ती मान हलवून गेली. मला वाटलं, मी योग्य तेच केलं. आईची चूक मुलीच्या माथी मारायची नाही, हे मी शिक्षक झालो त्या दिवसापासून पाळत आलो होतो. दारू पिऊन शाळेत गोंधळ घालणाऱ्या बापांची मुलंही मी जवळ बसवून शिकवली होती. या वेळी वेगळं का करायचं?

मार्नीपासून लपवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. गुरुवारी तिनं वही उघडण्याआधीच मी सांगून टाकलं. लिनेट काय म्हणाली, पहिल्या दोन वेळा काय सांगितलं होतं, नंतर काय बदललं, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग मी शेल्बीचं सांगितलं.

"मंगळवारी येणार ती?" मार्नीनं विचारलं.

"हो. तुझा गुरुवार तुझाच आहे."

"याच टेबलावर?"

"दुसरं टेबल नाही माझ्याकडे."

"माझ्या जागेवर बसून, माझ्या फीवर," ती म्हणाली, "आणि आता माझ्या सरांकडे."

"मार्नी, तिला माहीत नाही. ती पोर आहे. मी आजवर शिकायला आलेल्या एकाही मुलाला नाही म्हटलेलं नाही."

"ठाऊक आहे, सर." तिनं वही पिशवीत घातली, पेन्सिल घातली. तिचा आवाज चढला नाही. "मीही कुणाला नाही म्हणत नव्हते."

  ती बूट घालेपर्यंत मी तिथंच उभा होतो. "थांब गं," असं शेवटी म्हटलं, तेव्हा तिची गाडी सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिनेटला फोन केला.

"शेल्बीला पाठवू नकोस," मी म्हटलं. "कॉलेजात शिकवणी मिळते, तिथं पाठव. मी शिकवणार नाही."

"पण तुम्ही हो म्हणालात."

"म्हणालो होतो."

"मी तिला सांगितलंय, सर. केवढी खूश झाली होती ती. नवी वही आणलीय तिनं." तिचा आवाज फाटला. "तुम्ही शब्द दिला होता मला. दुसरं कुणी असं करू शकेल, पण तुम्ही..."

ती रडत होती. लहानपणी पट्टी हरवली म्हणून रडायची, तसंच. खोटं रडणं मला ओळखता येतं, आणि हे तसं नव्हतं. तिला खरंच फसवल्यासारखं वाटत होतं.

मी फोन ठेवला आणि मार्नीला लावला. तिनं उचलला, मागे कुठेतरी जेवणाच्या ट्रेंचा खणखणाट ऐकू येत होता.

"शेल्बी येणार नाही," मी म्हटलं. "मी नाही म्हणून सांगितलं."

"बरं."

"तू गुरुवारी येशील ना?"

"गुरुवारी माझी ड्यूटी असते आता, सर."

"मग दुसऱ्या कुठल्या दिवशी?"

"बघते," ती म्हणाली. मग कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती गेली.